पार्टी फोनवर काय म्हणाली?

(पत्र थोडं कमी केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. पत्रातली 'पार्टी' म्हणजे काम देणारं गिऱ्हाईक, 'जॉब' म्हणजे मशीनवर केलेला सुटा भाग, 'व्हीएमसी' म्हणजे संगणकावर चालणारं मशीन.)

"ताई, माझं वय ५६. उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. चार लेथ, एक व्हीएमसी, सहा माणसं. मुलगा पुण्यात शिकला, तिथंच तीन वर्षं नोकरी केली. दीड वर्षापूर्वी मीच म्हटलं, ये, हे सगळं तुझंच आहे. आला. पहिले तीन-चार महिने चांगले गेले. आता आमचं बोलणं पाच मिनिटं टिकत नाही. गेल्या बुधवारी रात्री जेवताना मी साधं विचारलं, पार्टीचा फोन आला होता, घेतलास का? त्या दिवशी जॉब रिजेक्ट होऊन परत आले होते, मी दमलो होतो, आणि त्या पार्टीकडं आमची दोन महिन्यांची बिलं अडकलीत, म्हणून विचारलं. तर उर्मटपणानं 'घेतला' म्हणाला आणि मोबाईलमध्ये बघत बसला. मी म्हटलं, मग सांगायला काय होतं? सकाळचा फोन रात्री विचारून घ्यायचा का? आमच्या वेळी वडिलांवर विचारायची वेळ यायची नाही. तो म्हणाला, 'आप्पा, तुम्ही ऐकूनच घेत नाही,' आणि ताट ढकलून उठला. मी रागावलोही नव्हतो, माझा आवाजच तसा आहे. हल्लीच्या पोरांना काही बोलायची सोय नाही. आमच्याकडं २८ वर्षं असलेले एक टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते मला म्हणाले, मालक, तुम्ही दोघं कसं बोलताय ते एकदा बाहेरनं बघा. पण ताई, आपल्याच बोलण्याकडं बाहेरनं बघायचं म्हणजे नक्की काय करायचं?
— एक बाप, कोल्हापूर"

नमस्कार दादा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं आणि एक गोष्ट दिसली, ती आधी सांगते. फोनबद्दल का विचारलं याची तुम्ही तीन कारणं दिलीत: जॉब रिजेक्ट झाले होते, तुम्ही दमला होता, बिलं अडकली होती. तिन्ही खरी आहेत. मुलानं 'घेतला' एवढंच का म्हटलं याला तुमच्याकडं एकच शब्द आहे, उर्मटपणा. बुधवार त्याचाही होता. रिजेक्ट झालेले जॉब त्याच्याही शॉपमधले होते. त्याचा दिवस कसा गेला याबद्दल पत्रात एक ओळ नाही. तुमच्या वाक्यांना कारणं आहेत आणि त्याच्या वाक्यांना स्वभाव आहे.

याचा दोष मी तुम्हाला देत नाही. आपण सगळे असेच बघतो, कारण आपला दिवस आपल्याला आतून माहीत असतो आणि समोरच्याचा फक्त चेहरा दिसतो. मायकेल स्टॉर्म्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७३ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसांना थोडा वेळ गप्पा मारायला बसवलं आणि त्यांचं चित्रीकरण केलं. नंतर काहींना त्यांचा स्वतःचाच चेहरा बोलताना दाखवला. एरवी 'परिस्थितीच तशी होती म्हणून मी तसा वागलो' असं म्हणणारी माणसं स्वतःला बाहेरून पाहिल्यावर आपल्या स्वभावाचा वाटा जास्त मोजू लागली. माणूस तोच, बोलणंही तेच. बघायची जागा तेवढी बदलली होती.

मला हे प्रयोगातून कळलं नाही, घरात कळलं. काही वर्षांपूर्वी गणपतीत आमच्याकडं आरतीचा व्हिडिओ काढला होता. दोन-तीन महिन्यांनी तो बघताना, टाळांच्या मागं, स्वयंपाकघरातून माझा आवाज ऐकू आला. आईच्या गोळ्यांवरून मी धाकट्या बहिणीशी बोलत होते. माझ्या आठवणीत त्या दिवशी मी तिला शांतपणे समजावलं होतं. व्हिडिओत ती पाच वेळा बोलायला सुरुवात करते आणि पाचही वेळा मी तिचं वाक्य मधेच घेते. एकदा तर ती फक्त "अगं पण डॉक्टर" एवढंच म्हणते. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही. मी तो तुकडा चार वेळा ऐकला. पहिल्यांदा तर हा आवाज माझाच आहे हे पटेना. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो, त्यामुळं तो आपल्याला जरा भरदार आणि मऊ वाटतो. बाकीच्यांच्या कानावर पडतो तो निराळाच. त्या रात्री बहिणीला फोन केला आणि विचारलं, त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले होते गं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं सांगितलं.

आता तुमच्या आवाजाचं. 'माझा आवाजच तसा आहे' यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आपल्या कोल्हापूरचं बोलणं मुळात खड्या आवाजातलं. 'जेवून जा की' हे आग्रहाचं वाक्य परगावच्या माणसाला दम दिल्यासारखं वाटतं. त्यात तुमची उमर लेथच्या शेजारी गेली. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं आणि आजही त्याला त्यांचंच नाव आहे. मशीन बंद झालं तरी सवय घरी येते. तुमच्या मुलाचे कान मात्र शिक्षण आणि नोकरी धरून कित्येक वर्षं पुण्यात राहून आलेत. तुम्ही रागावला नव्हता हे तुम्हाला माहीत आहे, त्याच्यापर्यंत फक्त आवाज पोचला.

इथं एक सल्ला मधेच देते. कान तपासून घ्या, ऑडिओमेट्री करा. बरीच वर्षं मशीनच्या आवाजात काम केलेल्यांना बारीक, टोकदार आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ यांसारखी अक्षरं निसटतात, गडबडीत वाक्याचा शेवट निसटतो, आणि आपल्याला वाटतं समोरचा तोंडातल्या तोंडात बोलतोय. तुमच्या बाबतीत असंच झालंय असं मी म्हणत नाही. पण बापलेकांच्या भांडणात कानाचा काही भाग असेल, तर तो तपासणीत लगेच कळेल. शॉपमधल्या सहाही माणसांची तपासणी करून घ्या आणि कानात घालायला प्लग द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. बाहेरून बघायचं म्हणजे काय करायचं?

लिहायचं. भांडण झालं त्या रात्री नको, दुसऱ्या दिवशी सकाळी. चहा झाल्यावर, शॉप उघडायच्या आधी. वहीत फक्त तेवढंच लिहायचं जे भिंतीवरच्या कॅमेऱ्याला दिसलं आणि ऐकू आलं असतं. 'मी' हा शब्द वापरायचा नाही. 'वडील' आणि 'मुलगा' असं लिहायचं. 'उर्मटपणानं', 'मुद्दाम', 'टोमणा मारला' हे शब्द लिहायचे नाहीत, कारण उर्मटपणा कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं की मान खाली होती, मोबाईल डाव्या हातात होता. तुम्ही रोज हेच करता. जॉबमधलं भोक, म्हणजे बोअर, 'जरा मोठा झालाय' असं तुम्ही कधी लिहून देत नाही, मोजायचं बोअरगेज लावता आणि आकडा लिहिता. स्वतःच्या हातचा जॉब नुसत्या डोळ्यानं पास करायचा नाही, हे तुम्ही नव्या पोरांना शिकवलं असणार.

बुधवारचं बोलणं तुमच्याच पत्रातून मी उतरवून काढलं. ते असं होतं:

वडील: पार्टीचा फोन आला होता, घेतलास का?
मुलगा: घेतला. (मोबाईलकडे बघतो.)
वडील: मग सांगायला काय होतं? सकाळचा फोन रात्री विचारून घ्यायचा का? आमच्या वेळी वडिलांवर विचारायची वेळ यायची नाही.
मुलगा: आप्पा, तुम्ही ऐकूनच घेत नाही. (ताट ढकलतो. उठतो.)

सगळं भांडण एवढंच. वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही. आता हे मोठ्यानं वाचा. पण वाचताना मुलाची वाक्यं तुम्ही म्हणा आणि वडिलांची वाक्यं वहिनींना म्हणायला सांगा. वहिनी तयार नसतील तर एकट्यानं वाचा, फक्त मुलाच्या वाक्यापाशी थांबा आणि वडिलांची ती दुसरी ओळ, तीन वाक्यांची, आपल्या अंगावर येतेय असं समजून ऐका. त्या तीन वाक्यांत फोनवर काय झालं हे कुठंच नाही. पहिला प्रश्न फोनबद्दल होता, त्यानंतरची तिन्ही वाक्यं मुलाबद्दल आहेत. दोन प्रश्नचिन्हं आहेत, पण उत्तरासाठी थांबलेली जागा एकही नाही.

हे सगळं कुणाच्या नजरेनं वाचायचं, हेही महत्त्वाचं आहे. शेजाऱ्याच्या नजरेनं वाचू नका, तो कुणाची तरी बाजू घेतो. न्यायाधीशाच्याही नको, तुम्हाला निकाल नकोय. जो तुम्हा दोघांचंही भलं व्हावं असं मनापासून इच्छितो, अशा माणसाच्या नजरेनं वाचायचं. तो माणूस तुमच्या पत्रातच आहे. मामांनी तुमच्या मुलाला हाफ चड्डीत शॉपमध्ये लोखंडाच्या चुऱ्याशी खेळताना पाहिलं असेल. पैशाची ओढाताण असतानाचे तुम्हीही त्यांना माहीत आहात. (प्रत्यक्षात मात्र मामांना मधे घालू नका. त्यांना उद्या तुमच्याकडंही काम करायचंय आणि त्याच्याकडंही.) मनातल्या मनात मामांना स्वयंपाकघरात पाटावर बसवा, त्या चार ओळी ऐकवा आणि त्यांना काय दिसतंय ते लिहा.

मला वाटतं मामांना दोघांच्याही चुका दिसतील. सकाळी आलेल्या फोनचा निरोप मुलानं दिवसभर दिला नाही, ही चूक आहे. बिलं अडकलेल्या पार्टीचा फोन होता, बापाला काळजी असणारच, एवढं त्यानं ओळखायला हवं होतं. बाप समोर बोलत असताना मोबाईलमध्ये बघणं हीसुद्धा चूकच. हे मी सौम्य करून सांगणार नाही. पण मामांना आणखी एक गोष्ट दिसेल, जी तुम्हाला दिसली नाही आणि पहिल्या दोन वाचनांत मलाही दिसली नव्हती. मुलगा 'घेतला' म्हणाल्यावर मामांच्या तोंडून सहज कुठला प्रश्न आला असता? "मग, काय म्हणाली पार्टी?" तुमच्या चार ओळींत हा प्रश्न नाही. पूर्ण पत्रातही नाही.

अशा लिहिण्याचा उपयोग होतो का, असं तुम्हाला वाटेल. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० विवाहित जोडप्यांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. दर चार महिन्यांनी जोडप्यांना आपलं मोठ्यात मोठं भांडण लिहून द्यायचं होतं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना एक जादा काम दिलं: हेच भांडण, दोघांचं भलं चाहणाऱ्या तटस्थ माणसाच्या नजरेनं, सात मिनिटं लिहा. वर्षातून तीनदा, म्हणजे सगळी मिळून २१ मिनिटं. पहिल्या वर्षात सगळ्यांच्याच संसारातलं समाधान थोडं थोडं घसरत होतं. दुसऱ्या वर्षी ज्यांनी लिहिलं त्यांची घसरण थांबली, बाकीच्यांची चालू राहिली. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते: लिहिणाऱ्यांची भांडणं कमी झाली नव्हती, भांडणांचा मनस्ताप कमी झाला होता. तो अभ्यास नवराबायकोंचा आहे, बापलेकांना तो जसाच्या तसा लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात एक वही आणि सात मिनिटं खर्ची घालायला त्यातून मला पुरेसा धीर मिळतो.

लिहिणं झालं नंतरचं. प्रत्यक्ष बोलताना काय करायचं? हे अवघड आहे, कारण राग चढल्यावर बाहेरून बघणारा आपल्या आत शिल्लकच राहत नाही. म्हणून त्याच्या आधीची खूण ओळखायची.

तुम्ही कोल्हापूरचे आहात, तुम्हाला हे समजवायला नको. पावसाळ्यात आपण सगळे सकाळी उठून आधी काय विचारतो? पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला किती फूट? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी ३९ वर आलं की नदीकाठची माणसं सामान वर चढवायला घेतात, ४३ ची वाट बघत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर कुणीच बघत नाही. आणि हा आकडा पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, काठावरून पट्टी वाचणाऱ्याला कळतो. आपला 'तटस्थ' हा शब्दही तिथलाच आहे, तटावर उभा असलेला.

तुमची ३९ फुटांची खूण कोणती ते वहीतून सापडेल. चार-पाच भांडणं लिहिली की एक ठरावीक वाक्य पुन्हा पुन्हा दिसेल. माझा अंदाज आहे, तुमचं ते वाक्य 'आमच्या वेळी' असावं. त्याचं कदाचित मोबाईलकडं बघणं असेल. म्हणजे त्याला वाटतं मी गप्प बसून भांडण टाळतोय, आणि तुम्हाला वाटतं हा मला किंमत देत नाही. 'आमच्या वेळी' ओठावर आलं की समजा इशारा पातळी आली. त्या क्षणी स्वतःला स्वतःच्या नावानं हाक मारा, मनातल्या मनात. "आप्पा, थांबा. तुम्हाला पार्टीचं ऐकायचंय का पोराला ऐकवायचंय?" मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१४ सालचं काम याच गोष्टीवर आहे. भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी 'मी' ऐवजी स्वतःच्या नावानं बोललेल्यांची घालमेल कमी झाली आणि त्यांचं बोलणंही सरस झालं. करून बघायला काही लागत नाही, दुसऱ्या कुणाला कळतही नाही.

आणि पाणी त्याहून वर गेलंच, तर उठा, पण वेळ सांगून उठा. "मी पंधरा मिनिटांत येतो, मग बोलू." आणि पंधरा मिनिटांनी खरोखरच परत या. वेळ न सांगता उठणं म्हणजे तेच, ताट ढकलणं.

काही गोष्टींपासून जपा. मुलाच्या नकळत मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करू नका. मला माझा आवाज योगायोगानं सापडला होता, कुणावर पाळत ठेवून नाही. दोघांच्या मर्जीनं करायचं असेल तर करा. वहीतली चार पानं पुरावा म्हणून त्याच्यासमोर टाकू नका. 'बघ, सात मिनिटं लिहून मी कसा शांत झालोय' असं ऐकवलंत तर वही वाया गेली. तो म्हणाला, दाखवा, तर दाखवा. आणि बाहेरून बघायचं म्हणून कोरडे होऊ नका. काही माणसं हे शिकतात आणि घरात पंचासारखी बोलायला लागतात, "मला असं दिसतंय की तू आता चिडला आहेस" वगैरे. तुमच्या मुलाला घरात पंच नकोय. काठावरून बघून झालं की परत पाण्यात यायचं, बाप म्हणूनच.

दीड वर्षापूर्वी तुम्ही त्याला म्हणालात, 'हे सगळं तुझंच आहे.' त्यानं ते खरं मानलं असेल. ज्याचं शॉप आपलं असतं, तो सकाळी आलेल्या पार्टीच्या फोनवर स्वतः काहीतरी ठरवतो, निस्तरतो आणि मग संध्याकाळी सांगतो. कदाचित तो संध्याकाळी सांगणारच होता. कदाचित पार्टीनं काही वाईट सांगितलं असेल आणि कसं सांगावं हे त्याला सुचत नसेल. मला माहीत नाही, आणि दादा, तुम्हालाही माहीत नाही. बुधवारी भांडण झालं, तुमचं पत्र मला सोमवारी मिळालं. मधल्या दिवसांत दोन महिन्यांची बिलं अडकलेल्या पार्टीनं फोनवर काय सांगितलं, हे तुमच्या घरात आणि शॉपमध्ये कुणी कुणाला विचारलेलं दिसत नाही.

तर वही उद्यापासून. आज एवढंच करा. जेवणाच्या ताटावर नको, आणि कामगारांसमोरही नको. संध्याकाळी मशीनं बंद झाली, मामा सायकल काढून गेले, की त्याला म्हणा, "त्या दिवशी पार्टी काय म्हणाली ते माझं विचारायचंच राहिलं. सांग." आणि मग काही बोलू नका. त्याला सुरुवात करायला वेळ लागेल. शॉप शांत असेल, तुम्हाला ऐकू येईल.

तुमची,
ताई